कर्नल ड्रायव्हरमधील एममॅपचा दोष : पीसीवर चित्र स्वच्छ, एआरएम बोर्डावर जुने पट्टे

माळवा_मशीन (इंदूर)

नमस्कार. सांवेर रोडवरील एका लहान कारखान्यात धान्य निवडणाऱ्या यंत्रांचे सॉफ्टवेअर मी पाहतो. उतरत्या पन्हळीवरून घसरणाऱ्या सोयाबीनचे चित्र लाइन-स्कॅन कॅमेरा ओळीओळीने टिपतो आणि डागी दाणा दिसताच हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. आजवर हे काम साध्या पीसीवर होत असे. यंदा ते एफपीजीए (हवे तसे सर्किट बनवता येणारा भाग) आणि चार कॉर्टेक्स-ए53 कोअर एकाच चिपवर असलेल्या बोर्डावर आणण्याचे ठरले आहे. बोर्डावर लिनक्स 6.1 आहे.

ड्रायव्हर जुन्या कार्डाबरोबर आलेला असून त्याचा सोर्स आमच्याकडे आहे. कॅमेऱ्याच्या एका ओळीत 4096 पिक्सेल असतात आणि एक पिक्सेल एका बाइटचा, त्यामुळे एक ओळ बरोबर एका 4 केबी पेजमध्ये बसते. 1024 ओळींचा एक बफर, म्हणजे 4 एमबी, असे 8 बफर चक्राकार वापरले जातात. ड्रायव्हर प्रत्येक बफर गेट_फ्री_पेजेसने घेतो, सुरुवातीला एकदाच डीएमए_मॅप_सिंगल करतो (डीएमए म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता यंत्राने थेट मेमरीत लिहिणे) आणि एममॅपमध्ये (ड्रायव्हरची मेमरी प्रोग्रामच्या पत्त्यांत दाखवणारी सोय) व्हर्ट_टू_फिजने भौतिक पत्ता काढून रीमॅप_पीएफएन_रेंजने ती मेमरी प्रोग्रामला जोडून देतो.

पीसीवर चित्र निर्दोष येते. बोर्डावर मात्र अधूनमधून आडवे, तुटक पट्टे दिसतात, आणि त्यांत कचरा नसून आधीच्या फेरीतील दाण्यांचेच तुकडे असतात. परिणामी नसलेल्या दाण्यांवर हवा सुटते आणि चांगला माल रद्दीत जातो.

नेटवर जागोजागी सांगितलेला उपाय करून पाहिला, म्हणजे रीमॅप करण्यापूर्वी पीजीप्रॉट_नॉनकॅश्ड लावून कॅश (प्रोसेसरजवळचा जलद तात्पुरता साठा) टाळली. त्यानंतर प्रोग्राम मेमकॉपीच्या ओळीवर 'बस एरर' देऊन पडतो. पीसीवर तोच बदल बिनतक्रार चालतो. मंडीत नव्या सोयाबीनची आवक सुरू होण्यापूर्वी यंत्र ग्राहकाकडे जायचे आहे, म्हणून जाणकारांनी कृपया योग्य दिशा दाखवावी.

पागनीसपागा

आपले वर्णन वाचून कॅशचा संशय येतो, परंतु संशयावर ड्रायव्हर बदलू नये. आधी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. कॅमेरा बाजूला ठेवून एफपीजीएमधून वाढत्या क्रमांकाचा नमुना पाठवावा, म्हणजे कोणती बाइट कोणत्या फेरीची आहे हे नेमके कळेल. मग शिळा तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते छापावे. कॉर्टेक्स-ए53 ची कॅशलाइन, म्हणजे कॅशचा एक कप्पा, 64 बाइटची असते. तुकड्यांच्या दोन्ही कडा नेहमी 64 च्या पटीत येत असतील तर कॅमेरा, केबल आणि एफपीजीएचे लॉजिक या तिघांनाही सोडून देता येईल, कारण त्यांपैकी कोणालाही 64 या आकड्याशी सहसा देणेघेणे नसते.

दुसरे, डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरील हार्डवेअरची कर्नलला दिलेली यादी) आपल्या डीएमए यंत्रणेच्या नोडवर 'डीएमए-कोहेरंट' (कॅशशी सुसंगत) हा गुणधर्म लिहिलेला आहे का, आणि एफपीजीए मेमरीशी कोणत्या पोर्टने जोडलेला आहे, ते कळवावे.

माळवा_मशीन (इंदूर)

क्रमांकाचा नमुना पाठवून पाहिला. आपण म्हणता तसेच निघाले : प्रत्येक शिळा तुकडा 64 च्या पटीवर सुरू होतो आणि 64 च्या पटीवरच संपतो, आणि त्यातील क्रमांक बरोबर मागच्या फेरीचे असतात. आणखी एक निरीक्षण असे की बफरांची संख्या 8 वरून 2 वर आणून प्रत्येकात 128 च ओळी ठेवल्या, तर दोष क्वचित न येता जवळजवळ प्रत्येक चित्रात येतो.

डिव्हाइस ट्रीमध्ये 'डीएमए-कोहेरंट' नाही, आणि एफपीजीए ज्या पोर्टवर आहे तो कॅशला वळसा घालून थेट मेमरीत लिहितो.

पागनीसपागा

मग निदान झाले, आणि दुसऱ्या निरीक्षणाने ते पक्के केले. आपल्या चिपची दुसऱ्या पातळीची कॅश 1 एमबी असावी. 32 एमबीचे चक्र पूर्ण होऊन तोच बफर पुन्हा येईपर्यंत त्याच्या बहुतेक कॅशलाइन आपोआप बाहेर पडलेल्या असतात, म्हणून दोष क्वचित दिसतो. चक्र 1 एमबीवर आणले की जुन्या लाइन कॅशमध्ये टिकून राहतात आणि प्रोसेसर त्याच वाचत बसतो. एफपीजीएने नवा माल मेमरीत टाकलेला असतो, मात्र तो आल्याचे कॅशला कोणी कळवलेलेच नसते.

पीसीवर हे कधी दिसत नाही, कारण एक्स86 मध्ये डीएमए आणि कॅश यांचा मेळ हार्डवेअरच राखते. डीएमए_मॅप_सिंगल एकदा करून पुढे एकदाही सिंक (कॅश आणि मेमरी यांचा मेळ घालणे) न करणारा ड्रायव्हर तिथे वर्षानुवर्षे चालू शकतो. डीएमए एपीआयचा डीबग पर्याय कर्नलमध्ये चालू केला असता तरी सिंक राहून गेल्याची तक्रार त्याने केली नसती.

आता बस एररविषयी. एआरएम64 वर पीजीप्रॉट_नॉनकॅश्ड लावले की ती मेमरी 'डिव्हाइस' प्रकारची ठरते, म्हणजे रजिस्टरांसाठी असते तशी. त्या प्रकारात आकाराच्या पटीत न बसणाऱ्या पत्त्यावरून वाचता येत नाही. मेमकॉपी वेगासाठी शेवटचे तुकडे असेच आडवेतिडवे वाचते, आणि तिथेच प्रोसेसर अडतो. पीजीप्रॉट_राइटकंबाइन लावल्यास हा प्रकार टळेल, कारण एआरएम64 वर त्याचा अर्थ 'साधी मेमरी, पण कॅशविना' असा होतो. तरीही तो उपाय मी सुचवणार नाही. त्याच पेजांचे कॅशसहित मॅपिंग कर्नलच्या स्वतःच्या लिनिअर मॅपमध्ये (रॅमचे सलग मॅपिंग) तसेच राहते, आणि एकाच मेमरीची दोन परस्परविरोधी गुणधर्मांची मॅपिंग असतील तर एआरएम सुसंगतीची हमी देत नाही.

रात्रपाळी

एवढे लांबवण्याची गरज दिसत नाही. गेट_फ्री_पेजेसच्या जागी डीएमए_अलॉक_कोहेरंट घाला आणि बाकी कोड तसाच ठेवा, काम होईल.

पागनीसपागा

रात्रपाळी, पहिला अर्धा भाग मान्य, परंतु 'बाकी कोड तसाच' यात धोका आहे. ज्या यंत्रणेत डीएमए कॅशशी सुसंगत नाही, तिथे एआरएम64 वरील डीएमए_अलॉक_कोहेरंट आपल्याला लिनिअर मॅपमधला पत्ता देत नाही. ते पेज घेऊन व्हीमॅलॉकच्या, म्हणजे कर्नलच्या वेगळ्या पत्त्यांच्या, भागात कॅशविना नवे मॅपिंग तयार करते आणि तो पत्ता हाती देते. व्हर्ट_टू_फिजचे गणित फक्त लिनिअर मॅपपुरते खरे असते. त्याला हा पत्ता दिला तर उत्तर येईलच, आणि ते चुकीचे असेल. मग रीमॅप_पीएफएन_रेंज तो आकडा निमूटपणे पेज टेबलमध्ये लिहील आणि वापरकर्त्याचा प्रोग्राम भलत्याच भौतिक पत्त्यावर वाचू-लिहू लागेल. कर्नल बांधताना 'डीबग व्हर्च्युअल' चालू ठेवले तर अशा वापरावर इशारा छापला जातो. विकासाच्या काळात तो चालू ठेवावा हे बरे.

रात्रपाळी

मग व्हर्ट_टू_फिज नको. डीएमए_अलॉक_कोहेरंट डीएमएचा पत्ता देतेच, तोच पेजच्या आकाराने सरकवून पीएफएन (भौतिक पेजचा क्रमांक) म्हणून वापरता येईल.

बडोदेकर

मधे बोलतो, क्षमस्व. तो पत्ता यंत्राच्या नजरेतून दिसणारा आहे, प्रोसेसरच्या नव्हे. दोन्ही एक असणे हा त्या त्या बोर्डाचा योगायोग असतो. रास्पबेरी पाय 4 वर अनेक जुन्या पेरिफेरलांना पहिला 1 जीबी रॅम 0एक्ससी0000000 पासून दिसतो, तर प्रोसेसरला शून्यापासून. मधे आयओएमएमयू (यंत्राचे पत्ते बदलून देणारे हार्डवेअर) असेल तर दोन पत्त्यांत काहीच नाते उरत नाही आणि भौतिक पेज सलग असतीलच असेही नाही. किंबहुना इंटेलच्या पीसीवर आयओएमएमयू चालू केल्यास पत्ता सरकवण्याची ही युक्ती कदाचित तिथेही चालणार नाही.

माझे मत असे आहे की ज्या एपीआयने मेमरी घेतली त्याच एपीआयच्या एममॅप फंक्शनने ती प्रोग्रामकडे द्यावी, आणि मधे स्वतः पत्त्यांचे गणित करू नये. डीएमए_अलॉक_कोहेरंटसाठी ते फंक्शन डीएमए_एममॅप_कोहेरंट आहे. मेमरी लिनिअर मॅपमधून आली की व्हीमॅलॉकमधून, सलग आहे की आयओएमएमयूने जोडलेली, आणि कोणता कॅशगुण लावायचा, हे सर्व त्याला ठाऊक असते.

माळवा_मशीन (इंदूर)

दोघांचेही आभार. डीएमए_अलॉक_कोहेरंट आणि डीएमए_एममॅप_कोहेरंट ही जोडी वापरली. दोन अडचणी आल्या. पहिली म्हणजे शेवटचा बफर मिळेना. 32 एमबीची मागणी सीएमएच्या (सलग मेमरीसाठी राखलेल्या) भागातून पूर्ण होत नव्हती. बूटच्या ओळीत सीएमए 64 एमबी केला आणि मेमइन्फोमधील सीएमए-फ्रीचा आकडा पाहून खात्री करून घेतली.

दुसरी अडचण अशी की पहिला बफर मॅप होतो आणि पुढचे सर्व ईएनएक्सआयओ ('असा पत्ता नाही') ही चूक देऊन परततात. आमचा प्रोग्राम एममॅपच्या ऑफसेटमध्ये बफरचा क्रमांक पाठवतो, म्हणजे तिसऱ्या बफरसाठी दोन बफरांच्या लांबीइतका ऑफसेट. जुन्या ड्रायव्हरमध्ये हे चालत असे.

पागनीसपागा

डीएमए_एममॅप_कोहेरंट व्हीएमएमधील (मॅपिंगची कर्नलमधील नोंद) व्हीएम_पीजीऑफ हा आकडा 'या बफरच्या आत कितव्या पेजपासून' असा वाचते. आपण त्यात बफरचा क्रमांक गुंफून पाठवत आहात. त्याला वाटते की 1024 पेजांच्या बफरमध्ये 2048 वे पेज मागितले आहे, आणि ते योग्यच नकार देते. त्यामुळे एममॅपमध्ये प्रथम व्हीएम_पीजीऑफवरून बफर ओळखावा, क्रमांक मर्यादेत आहे हे तपासावे, मग व्हीएम_पीजीऑफ शून्य करावा आणि त्यानंतरच हे फंक्शन बोलवावे.

हात लावलाच आहे तर मर्यादेची तपासणीही नीट पाहावी. जुन्या ड्रायव्हरांत 'ऑफसेट अधिक लांबी ही बफरच्या आकारापेक्षा जास्त आहे का' असे विचारलेले असते. ऑफसेट वापरकर्ता ठरवतो, तेव्हा तो इतका मोठा देता येतो की बेरीज ओव्हरफ्लो होऊन लहान दिसते आणि तपासणी पार होते. कर्नलमधील यूडीएल या डिस्प्ले ड्रायव्हरमध्ये नेमका हाच दोष 3.4 पासून 4.15 पर्यंत होता आणि सुरक्षादोषांच्या यादीत सीव्हीई-2018-8781 या क्रमांकाने नोंदला गेला. त्यावर उपाय म्हणजे बेरीज टाळणे : आधी ऑफसेट आकाराच्या आत आहे हे पाहावे, मग लांबीची तुलना 'आकार वजा ऑफसेट' याच्याशी करावी.

माळवा_मशीन (इंदूर)

व्हीएम_पीजीऑफ शून्य केल्यावर आठही बफर मॅप झाले. क्रमांकाच्या नमुन्यात एकही शिळा तुकडा राहिला नाही, लहान चक्रातही नाही. तपासणीही आपण सांगितल्याप्रमाणे बदलली. जुन्या कोडमध्ये बेरीजच होती.

आता वेगाचा प्रश्न उभा राहिला आहे. आमची पद्धत प्रत्येक पिक्सेल त्याच्या शेजाऱ्यांसह अनेकदा वाचते. कॅशविना मेमरीतून तसे वाचताना निवड पन्हळीच्या गतीला पुरत नाही. ओळ आधी साध्या मेमरीत कॉपी करून घेतली तर जेमतेम भागते, पण एक कोअर कॉपीतच अडकतो.

बडोदेकर

हे अपेक्षितच होते. कोहेरंट मेमरी ही डिस्क्रिप्टर आणि स्थितीचे शब्द यांसारख्या लहान, दोन्ही बाजूंनी सतत हाताळल्या जाणाऱ्या गोष्टींसाठी उत्तम. आपले बफर मोठे आहेत, त्यांत एफपीजीए फक्त लिहितो, प्रोसेसर फक्त वाचतो, आणि मालकी एका ठरावीक क्षणी बदलते. अशा कामासाठी कॅशसहित मेमरी आणि मालकी बदलताना सिंक हीच रीत योग्य.

लिनक्स 5.10 पासून यासाठी डीएमए_अलॉक_पेजेस आहे आणि आपल्या 6.1 मध्ये त्याच्या जोडीला डीएमए_एममॅप_पेजेसही आहे. त्यांनी मेमरी घ्यावी आणि मॅप करावी. मॅपिंग कॅशसहित होते. बफर भरल्याचा इंटरप्ट आला की प्रोग्राम आयऑक्टलने (ड्रायव्हरला आज्ञा देण्याची सोय) बफर मागेल, तेव्हा ड्रायव्हरने डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_सीपीयू करावे. प्रोग्रामने बफर परत दिला की डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_डिव्हाइस करून मगच तो एफपीजीएच्या रांगेत लावावा. दिशा दोन्हीकडे 'फ्रॉम डिव्हाइस' ठेवावी. कर्नलने आपल्या पत्त्यावरून कॅश रिकामी केली तरी वापरकर्त्याच्या पत्त्यालाही तिचा लाभ मिळतो, कारण ए53 ची डेटा कॅश भौतिक पत्त्याने ओळखली जाते.

यात शिस्त मात्र हवी. बफर परत दिल्यानंतर प्रोग्रामने त्यात डोकावले तर कोणतीही चूक दिसणार नाही, फक्त वाचलेल्या मालात जुने आणि नवे मिसळलेले असू शकेल. आणि त्या मॅपिंगला लिहिण्याची परवानगीच देऊ नये, कारण मळलेली (बदललेली, पण मेमरीत अजून न उतरलेली) कॅशलाइन नंतर बाहेर पडली की ती एफपीजीएने लिहिलेल्या मालावर बसते.

कर्नलवाचक

हा धागा शांतपणे वाचत होतो. एक गोष्ट विचारतो. आपल्या ड्रायव्हरमध्ये बफरची उंची, म्हणजे ओळींची संख्या, बदलण्याची सोय आहे का? असल्यास मॅपिंग जिवंत असताना ती बोलावली तर काय घडते?

माळवा_मशीन (इंदूर)

आहे. धान्य बदलले की ऑपरेटर उंची बदलतो, म्हणून एक आयऑक्टल जुने बफर सोडून नव्या आकाराचे घेतो. आमचा प्रोग्राम त्याआधी मॅपिंग काढतो.

कर्नलवाचक

प्रोग्राम काढतो, पण ड्रायव्हरने त्यावर विसंबू नये. रीमॅप_पीएफएन_रेंज पेजचा संदर्भ-अंक वाढवत नाही, आणि डीएमए_एममॅप_पेजेस आत तेच वापरते. मॅपिंग शिल्लक असताना बफर सोडले तर ती पेज कर्नलच्या मोकळ्या साठ्यात जातात, दुसऱ्या कोणाच्या कामी लागतात, आणि जुना प्रोग्राम ती वाचतच राहतो. त्यांत तेव्हा दुसऱ्या प्रोसेसचा पासवर्ड असू शकतो किंवा कर्नलचे स्वतःचे पेज टेबलही. या धाग्यातील सर्वांत गंभीर दोष माझ्या मते हाच आहे, पट्ट्यांचा नव्हे. पट्टे निदान डोळ्यांना दिसतात.

मॅपिंगची मोजणी ठेवावी. व्हीएम_ऑप्समधील ओपनमध्ये आकडा वाढवावा आणि क्लोजमध्ये कमी करावा. पहिल्या एममॅपच्या वेळी कर्नल ओपन बोलवत नाही. तो फोर्क (प्रोसेसची प्रत) झाल्यावर किंवा मॅपिंगचे तुकडे पडल्यावर बोलावला जातो. म्हणून पहिली वाढ एममॅपमध्ये स्वतः करावी, नाहीतर फोर्कनंतर आकडा वेळेआधी शून्यावर येतो. आकडा शून्य नसेल तर उंची बदलणाऱ्या आयऑक्टलने ईबिझी ('वापरात आहे') परत करावे. एममॅप आणि हे आयऑक्टल एकाच म्यूटेक्सखाली (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) असावेत.

विद्यार्थी_इंदूर

नमस्कार दादा, मी शेवटच्या वर्षाला आहे आणि कर्नल शिकतो आहे. माळवा_मशीन दादांच्या ड्रायव्हरसारख्या मॅप केलेल्या बफरवरून मी ओ_डायरेक्टने (कर्नलचा मधला साठा टाळून) थेट एसएसडीवर लिहू पाहिले, तर ईफॉल्ट ('चुकीचा पत्ता') आला. साध्या राइटने तेच चालते. असे का व्हावे?

कर्नलवाचक

रीमॅप_पीएफएन_रेंज त्या मॅपिंगवर व्हीएम_आयओ आणि व्हीएम_पीएफएनमॅप ही निशाणे लावते. त्यांचा अर्थ, 'यामागे नेहमीची, मोजदाद असलेली पेज आहेत असे समजू नये.' ओ_डायरेक्टला डिस्कच्या डीएमएसाठी पेज अडकवून ठेवावी लागतात, आणि अशा मॅपिंगवर कर्नल ती देण्यास नकार देतो. साधे राइट फक्त पत्त्यावरून बाइट कॉपी करते, म्हणून त्याला अडचण येत नाही. थेट लिहिणे अगदी आवश्यक असेल तर व्हीएम_इन्सर्ट_पेजने मॅपिंग करण्याचा मार्ग आहे, परंतु तो प्रत्येक प्रकारच्या मेमरीला लागू नाही. डीएमएच्या कोहेरंट मेमरीसाठी तर नकोच.

माळवा_मशीन (इंदूर)

सर्व बदल केले. बफर डीएमए_अलॉक_पेजेसने घेतले, डीएमए_एममॅप_पेजेसने मॅप केले, दोन्ही आयऑक्टलांमध्ये सिंक घातले आणि मॅपिंगची मोजणी जोडली. लिहिण्याच्या परवानगीने मॅप करू पाहिल्यास ड्रायव्हर आता नकार देतो, आणि प्रोग्रामने नंतर एमप्रोटेक्टने ती मिळवू नये म्हणून व्हीएम_मेराइट (लिहिण्याची मुभा देणारे निशाण) हेही काढून टाकले. क्रमांकाचा नमुना रात्रभर चालवला, लहान चक्रातही चालवला. शिळा तुकडा नाही. पन्हळ पूर्ण गतीने सोडली तरी निवड पुरते आणि कॉपीत अडकणारा कोअर मोकळा झाला. मॅपिंग उघडे ठेवून उंची बदलू पाहिली तर ईबिझी मिळतो.

एक शंका उरली. हाच ड्रायव्हर कार्यालयातील पीसीवर लिनक्स 6.8 वर बांधताना अडतो. जुन्या लेखकाने व्हीएम_फ्लॅग्जमध्ये व्हीएम_रिझर्व्ह्ड मिसळणारी ओळ लिहिलेली होती. बोर्डासाठी आधीच्या कोणीतरी त्या नावाची व्याख्या ड्रायव्हरमध्येच करून ठेवली आहे. व्हीएम_मेराइट काढणारी माझी ओळही तिथे चालत नाही.

पागनीसपागा

व्हीएम_रिझर्व्ह्ड 2012 मध्ये, लिनक्स 3.7 च्या वेळी, कर्नलमधून काढून टाकले गेले. स्वतः केलेली ती व्याख्या कोणत्या बिटावर बसली आहे ते पाहावे. आज तो बिट दुसऱ्याच कामाचा असेल. ती ओळ आणि ती व्याख्या दोन्ही पुसून टाकावीत, कारण हवी ती निशाणे रीमॅप_पीएफएन_रेंज स्वतःच लावते. 6.3 पासून व्हीएम_फ्लॅग्जमध्ये थेट लिहिता येत नाही. व्हीएम_मेराइट काढण्यासाठी तिथे व्हीएम_फ्लॅग्ज_क्लिअर वापरावे, आणि 6.1 साठी जुनी रीत आवृत्तीच्या अटीखाली ठेवावी.

माळवा_मशीन (इंदूर)

ती व्याख्या खरोखरच भलत्या बिटावर होती. दोन्ही काढल्या, दोन्ही कर्नलांवर ड्रायव्हर बांधला गेला. पुढच्या बोर्डाच्या आराखड्यात एफपीजीए कॅशशी सुसंगत असलेल्या पोर्टवर घेण्याचा विचार आहे. तसे झाल्यास डिव्हाइस ट्रीमध्ये 'डीएमए-कोहेरंट' लिहायचे आणि ड्रायव्हरमधील सिंक तसेच ठेवायचे, बरोबर ना?

बडोदेकर

बरोबर. तिथे सिंकचा खर्च जवळजवळ शून्य होईल, कोड तोच राहील. मात्र गुणधर्म लिहिला आणि पोर्ट जुनाच राहिला तर कर्नल कॅश रिकामी करणे बंद करेल आणि पट्टे परत येतील, तेव्हा नव्या बोर्डावर क्रमांकाचा नमुना सर्वांत आधी चालवावा.